दातवाले, घंटा आणि एक तपकिरी मोजा

शनिवार, ७ नोव्हेंबर. सकाळी दाट धुकं, मग कोरडं ऊन, वारा नाही.

हवेत घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी सकाळपासून घाबरलेला होतो, आणि त्याचं कारण माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. आमच्या क्लबची पितळी घंटा. तिच्या पोटात मी माझा एक तपकिरी मोजा कोंबून लोलक गच्च बसवला होता, म्हणजे रस्त्याने चालताना ती वाजू नये. (दुसरा मोजा पायात होता. दुसऱ्या पायात घरी आल्यावर राखाडी चढवला. घाईच्या वेळी माणूस रंग बघत नाही.)

क्लब म्हणजे पत्त्यांचा नव्हे. सेवा क्लब. आम्ही गरजूंना चष्मे देतो, रक्तदान शिबिरं भरवतो, बसथांब्यांवर बाकं बसवतो. त्यातलं एक बाक रस्त्याकडे पाठ करून बसवलं गेलं. तिथं बसलेल्याला बस दिसत नाही, फक्त गेलेली ऐकू येते. ते काम माझ्या देखरेखीखाली झालं.

नदीपलीकडच्या गावात असाच एक क्लब आहे. दोन्ही क्लबांची मिळून एक रुग्णवाहिका आहे, आठवडाभर इकडे, आठवडाभर तिकडे. टायर त्यांचे, डिझेल आमचं. वर्षातून एकदा ते आमच्याकडे मुक्कामाला येतात, एकदा आम्ही त्यांच्याकडे जातो. हॉटेल नाही, उतरायचं सभासदांच्या घरीच. इथवर मैत्री सोपी आहे.

अवघड भाग घंटेचा. पाहुण्यांनी यजमानांची घंटा पळवायची, अशी दोन्ही क्लबांच्या संस्थापकांनी घालून दिलेली रीत आहे. कुलूप फोडायचं नाही, ओढाओढी करायची नाही, आणि कोणी थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशीच्या सभेत टेबलावर निळ्या कापडाखाली घंटा असली तर यजमान जिंकले. नसली तर ज्याने नेली तो उठून कमरेत वाकतो, टाळ्या पडतात, आणि यजमानांच्या सगळ्या क्लबाला पलीकडे जाऊन ती सोडवून आणावी लागते. सोडवायची एकच पद्धत. ती ज्याच्या ताब्यात होती त्याने त्यांच्या हॉलमध्ये उभं राहून मैत्रीवर भाषण करायचं.

यंदा ती माझ्या ताब्यात होती.

मी पाणीपुरवठा ऑफिसात मीटर दुरुस्तीला आहे. मीटर बोलत नाहीत, म्हणून माझं त्यांच्याशी बरं चालतं. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठलो, 'मित्रहो' म्हणालो आणि खाली बसलो. त्यानंतर बरीच वर्षं ऑफिसात मला 'अर्धं भाषण' म्हणत. घंटा सांभाळायला मला निवडलं तेव्हा आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या, "मीटर, तुम्ही गप्प असता. तुमच्याकडून बातमी फुटणार नाही." अध्यक्षबाई ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. त्या कोणाशीही बोलताना उजवा पाय किंचित दाबून धरतात, ब्रेकवर असावा तसा.

तर त्या सकाळी मी हॉलमध्ये गेलो आणि कपाटाचं कुलूप हलवून पाहिलं. ते आपोआप उघडलं. कुलूप फोडायचं नाही हे ठीक, पण हे कुलूप नुसतं हात जोडूनच उभं होतं. मी एक छोटासा निर्णय घेतला. म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. घरी नेऊ.

घरी आलो तेव्हा बायको मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. ती शिवणकाम करते. लोकांचे कपडे सैल करणं आणि घट्ट करणं यावर आमचं घर निम्मं चालतं. तिच्या शिवणाच्या खोलीत चिंध्यांची एक मोठी टोपली आहे. मी घंटा त्या टोपलीच्या तळाशी पुरली आणि वर चिंध्या पूर्वीसारख्या विस्कटून ठेवल्या. बायकोला सांगितलं नाही. तिला कोणी थेट विचारलं असतं तर ती खोटं बोलली नसती. कोणी नसतं विचारलं तरीही तिने सांगितलं असतं.

दुपारी पाहुण्यांची बस आली. अध्यक्षबाई यादी न बघता माणसं वाटत होत्या. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मीटर, तुमच्याकडे दातवाले."



दातवाले म्हणजे पलीकडच्या क्लबचे निवृत्त दंतवैद्य. सडसडीत, पांढरी मिशी, रबरी तळव्यांचे बूट. त्यांच्याबद्दल असं सांगतात की पेशंट हवापाण्याच्या गप्पा मारत असायचा आणि दात केव्हा निघाला ते त्याला घरी गेल्यावर कळायचं. आजवर आमची घंटा जितक्या वेळा गेली त्यातल्या बहुतेक वेळा उठून वाकणारे तेच होते.

"अध्यक्षबाई," मी म्हणालो, "दुसरं कोणी देता नाही का येणार? तो लठ्ठसा टायरवाला?"

"ते त्यांचे अध्यक्ष आहेत. ते माझ्याकडे. आणि असे दचकताय काय? घंटा कपाटात आहे ना?"

थेट प्रश्न. पण विचारणारा आपलाच, तेव्हा नियम लागू होतो की नाही याचा विचार करत मी उभा राहिलो. तेवढ्यात त्या पुढच्या पाहुण्याकडे वळल्या.

घरी जाताना दातवाले माझ्या शेजारून चालत होते आणि त्यांच्या पावलांचा आवाज येत नव्हता. मी बाजूला पाहायचो तर ते तिथे असायचे. दर वेळी मी दचकायचो.

"छान शांत रस्ता आहे तुमचा," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. हे खरं होतं, त्यामुळे चाललं.

दारात बायको हसतमुखाने उभी. "या डॉक्टर. तुमची सोय शिवणाच्या खोलीत केलीये. पुढच्या खोलीत रस्त्याचा आवाज येतो."

मी दाराची चौकट धरली. मी धरून चाललो होतो की पाहुणे पुढच्या खोलीत झोपतील. दरवर्षी झोपतात.

"अगं, पण तिथं चिंध्या, सुया..."

"सगळं आवरलंय. कडेला फक्त टोपली आहे. टोपलीचा त्रास नाही ना डॉक्टर?"

"छे, छे," दातवाले म्हणाले. "मला टोपल्या आवडतात."

माणूस टोपल्यांविषयी असं का बोलेल? मी तो प्रश्न मनात बराच वेळ फिरवला आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं.

चहा झाला. बायकोने तिचं आवडतं साखरेचं भांडं काढलं होतं, मावशीने दिलेलं, पांढरं, निळ्या काठाचं, वर झाकण आणि झाकणाला मणी. पाहुणे आल्याशिवाय ते कपाटातून निघत नाही. दातवाल्यांनी भांडं हातात घेऊन फिरवून पाहिलं. "सुंदर आहे वहिनी. असं हल्ली मिळत नाही."

बायको खूश झाली. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. लांब, निवांत बोटं. कशाचीही घाई नसलेली.

"वहिनी, बोटाला काय झालं?"

"काही नाही हो. सकाळी सुईचं टोक मोडून आत राहिलंय. निघतच नाही. सोमवारी दवाखान्यात जाईन."

"बघू. तुमचं माहेर कुठलं?"

बायकोने माहेर सांगायला सुरुवात केली. तिच्या माहेरची माहिती लांब आहे. ती धाकट्या भावाच्या लग्नापर्यंत आली तेव्हा दातवाल्यांनी बशीत काहीतरी ठेवलं. बारीकशी टिंग झाली. सुईचं टोक.

"कधी काढलंत?" बायको बोटाकडे बघत राहिली.

"तुमच्या थोरल्या वहिनी रुसल्या तेव्हा."

बायको हसत सुटली. मी हसलो नाही. हा माणूस चालू गप्पांमध्ये जिवंत बोटातून सुई काढतो आणि त्याच्या पलंगाच्या कडेला, टोपलीत, चिंध्यांखाली...

घंटा तिथून हलवायलाच हवी होती.

संधी लगेच आली. दातवाले हातपाय धुवायला गेले. बायको स्वयंपाकघरात. मी शिवणाच्या खोलीत शिरलो, गुडघ्यांवर बसलो आणि टोपलीत कोपरापर्यंत हात घातला. घंटा होती. एकदम हायसं वाटलं. बाहेर काढली, तोच न्हाणीघराची कडी वाजली.

नळ बंद झाल्याचा आवाज मला आला नव्हता. त्यांची पावलं तर येणारच नव्हती. म्हणजे ते आता दारात असू शकत होते, किंवा अजून आत, किंवा माझ्या मागे. टोपलीत परत पुरायला वेळ नव्हता. खिशात मावत नव्हती. समोर खुर्चीवर दातवाल्यांची प्रवासी बॅग उघडी होती. मी घंटा तिच्यात, स्वेटरखाली, पार तळाशी दाबली आणि उभा राहिलो.

दातवाले दारात होते. टॉवेलने एकेक बोट पुसत होते.

"काही शोधताय का?"

थेट प्रश्न. आता नियम नक्की लागू होता.

"हो," मी म्हणालो.

"सापडलं का?"

"सापडलं होतं."

"मग?"

"आता बरं आहे," मी म्हणालो आणि भिंतीला पाठ घासत बाहेर आलो.

पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून मी विचार केला. आणि मला एक विलक्षण गोष्ट उमगली. जे झालं ते उत्तमच झालं होतं. हा माणूस रात्रभर आमचं घर शोधेल. टोपली शोधेल, कपाटं शोधेल, माळा शोधेल. पण स्वतःची बॅग? कुठला चोर स्वतःच्या बॅगेची झडती घेतो? आमच्या क्लबच्या इतिहासात इतकी सुरक्षित जागा कोणाला सुचली नव्हती. सकाळी ते अंघोळीला गेले की काढून घ्यायची. (हे मला आधीच सुचलं होतं असं वाटायलाही लागलं.)

तरी धीर धरवेना. संध्याकाळी तीन वेगवेगळ्या निमित्तांनी त्या खोलीत डोकावलो. पहिल्यांदा दातवाले पुस्तक वाचत होते. दुसऱ्यांदाही वाचत होते. तिसऱ्यांदा बायको तिथं बसून त्यांच्या कोटाचं बटण लावत होती.

"अहो, सारखे काय डोकावताय? पाहुण्यांना वाटेल तुम्ही पाळतीवर आहात."

"वाटू दे हो वहिनी," दातवाले पुस्तकातून मान वर न करता म्हणाले. "त्यांची जबाबदारीच तशी आहे."

रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. झोप लागली नाही.

रविवार, ८ नोव्हेंबर. स्वच्छ आकाश, थंडी थोडी जास्त.

सकाळी दातवाले अंघोळीला जातील याची वाट बघत मी वर्तमानपत्राआड बसलो होतो. ते टॉवेल घेऊन उठले. मीही उठलो. त्याच क्षणी बायको म्हणाली, "अहो, पाव संपलाय. पटकन घेऊन या."

"नंतर आणतो."

"नंतर काय? पाहुण्यांनी काय नुसता लोण्याचा गोळा खायचा?"

दुकान कोपऱ्यावरच आहे. मी पळत गेलो. तिथे एक बाई एकेक पाव दाबून बघत होत्या. त्यांना कुठलाच पसंत पडेना. मी पळत परत आलो आणि थेट शिवणाच्या खोलीत गेलो.

पलंगावरची चादर नीट घडी केलेली होती. टोपली होती. खुर्ची होती. खुर्चीवर काही नव्हतं.

"अगं," माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला, "डॉक्टरांची बॅग?"

"पाठवली की," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "शेजारचा इलेक्ट्रिशियन व्हॅन घेऊन हॉलकडेच चालला होता. म्हटलं, जाताना बॅग बसमध्ये टाक, डॉक्टरांना ओझं नको. केवढी जड होती हो. मी म्हटलं, हत्यारं घेऊन फिरता की काय?"

"मीही उचलून पाहिली," न्हाणीघराच्या दारातून दातवाले म्हणाले. "येताना इतकी नव्हती. वहिनी, कोटाबरोबर माझ्या स्वेटरलाही लोखंडाची बटणं लावलीत का?"

दोघं हसले.

हिशेब सरळ होता. घंटा दातवाल्यांच्या बॅगेत, बॅग त्यांच्या बसमध्ये, आणि सभा थोड्या वेळात. मी घंटा सांभाळली नव्हती. मी ती चोरांच्या गाडीत चढवून दिली होती. डोळ्यांसमोर नदीपलीकडचा हॉल आला, त्यातल्या भरलेल्या खुर्च्या, आणि समोर उभा मी, 'मित्रहो' म्हणून झाल्यावरचा.

सभेआधी बसमधून घंटा काढता आली तर ठीकच. तोवर निळ्या कापडाखाली काहीतरी हवं होतं, घंटेच्या आकाराचं. मी टेबलाकडे पाहिलं. साखरेचं भांडं. कापड घातल्यावर झाकणावरचा मणी थेट घंटेच्या मुठीसारखा दिसला असता. मी साखर पेल्यात ओतली, भांडं पिशवीत घातलं आणि 'खुर्च्या मांडायच्या आहेत' म्हणून सटकलो.

हॉलमध्ये कोणी नव्हतं. भांडं टेबलावर ठेवून त्यावर कापड घातलं. आकार जमला. मग मागच्या बाजूला बसकडे धावलो. ड्रायव्हर आरसा पुसत होता.

"दादा, जरा डिकी उघडता का? एक वस्तू काढायची आहे."

"कोणाच्या बॅगेतून?"

"दातवाल्यांच्या."

"तुम्ही दातवाले का?"

"नाही."

"मग त्यांना घेऊन या." आणि तो पुन्हा आरसा पुसायला लागला. आरशात मला माझा चेहरा दिसला. त्या चेहऱ्याच्या माणसाला मीही डिकी उघडून दिली नसती.

सभा सुरू झाली. दोन्ही क्लब समोरासमोर, मागे घरची मंडळी. माझी बायको दुसऱ्या रांगेत. दातवाले बटण लावलेला कोट घालून अगदी टेबलाजवळच्या खुर्चीत. अध्यक्षबाई उठल्या, दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिलं (ही त्यांची रोजची सवय, रस्ता ओलांडायचा नसला तरी) आणि कापड उचललं.

खाली निळ्या काठाचं साखरेचं भांडं होतं.

दुसऱ्या रांगेतून बायकोचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "अहो, ते आपलं भांडं आहे."

मग टाळ्या. पाहुणे पाय आपटत ओरडायला लागले. टायरवाले, म्हणजे पलीकडचे अध्यक्ष, उठले. "वा, म्हणजे गेली! चला, कोण आहे तो? उठा आणि वाका."

कोणी उठलं नाही.

"अरे, लाजताय काय? डॉक्टर, तुम्ही?"

"नाही," दातवाले म्हणाले. "यंदा जमलंच नाही. यजमान दारातून हलतील तर ना."

टायरवाल्यांनी एकेकाला थेट विचारलं. प्रत्येकजण नाही म्हणाला. टाळ्या विरल्या, मग हसणं विरलं. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. एक मोजा तपकिरी, एक राखाडी.

आमचे खजिनदार किराणा दुकानदार आहेत, सगळ्या जगाकडे तराजूच्या काट्यासारखं बघतात. ते म्हणाले, "घंटा जागेवर नाही. नेली कोणी नाही. म्हणजे कोणीतरी खोटं बोलतंय."

"आमच्यातलं?" टायरवाल्यांची मान लाल झाली.

"मी नाव घेतलं का?"

"घ्यायला काय ठेवलंय? इतकी वर्षं येतोय आम्ही, एकदाही कोणी खोटं बोललं नाही. आज तुम्ही आम्हाला घरी बोलावून खोटारडं म्हणताय?"

"मग गेली कुठे ती? पाय फुटले?"

"चला रे," टायरवाले आपल्या लोकांना म्हणाले. खुर्च्या सरकायला लागल्या. "बस काढायला सांगा."

"जा की," खजिनदार म्हणाले. "पण जाताना रुग्णवाहिकेचं काय ते ठरवून जा."

"टायर काढून घेतो. डिझेल भरून ढकला तुम्ही."

मागच्या रांगेत कोणीतरी "अहो, असं काय" म्हणालं. एक मूल रडायला लागलं. पुढचा आठवडाभर रुग्णवाहिका पलीकडे असायची पाळी होती. तिथे एका बाईंना आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिसला न्यावं लागतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. हॉलमध्ये असा आवाज झाला, जसा पाइप फुटायच्या आधी होतो. तो आवाज मी ओळखतो. माझं कामच ते आहे.

अध्यक्षबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ती माझ्यावर आली आणि थांबली. त्यांचा उजवा पाय खाली दाबला गेला.

"मीटर," त्या म्हणाल्या. "एकाच माणसाला कोणी विचारलं नाहीये. घंटा तुम्ही नेलीत?"

थेट प्रश्न.

मी उठलो. सगळे चेहरे माझ्याकडे वळले, आणि माझ्या घशात तो एकच शब्द येऊन बसला होता.

"मित्रहो," मी म्हणालो.

ऑफिसातलं कोणी तिथं नव्हतं म्हणून बरं. मी बसलो नाही. कारण बसलो असतो तर बस सुटली असती.

"मित्रहो, कुलूप ढिलं होतं," मी म्हणालो. आणि तिथून पुढे कसं कोण जाणे, शब्द यायला लागले. मला गोष्ट मधूनच सांगता येत नाही. मी कुलपापासून सुरू केलं. मग मोजा. मग टोपली. टोपलीत कुठल्या रंगाच्या चिंध्या होत्या तेही सांगितलं. सुईचं टोक सांगितलं, न्हाणीघराची कडी सांगितली. स्वेटरखाली घंटा दाबली इथवर आलो तेव्हा खजिनदारांनी कपाळावर हात मारला आणि कोणीतरी पहिल्यांदा फिसकन हसलं. "मला वाटलं, स्वतःच्या बॅगेची झडती कोण घेतो," असं म्हणालो तेव्हा सगळा हॉल हसत होता. टायरवाले खुर्चीच्या पाठीला धरून हलत होते, डोळे पुसत होते. मी पावाच्या दुकानातल्या बाईंचं वर्णन करत होतो...

"मीटर," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पोचलो आपण. इंजिन बंद करा."

मी बसलो. सदरा पाठीला चिकटला होता.

दातवाल्यांची बॅग आणली गेली. ड्रायव्हरने ती दातवाल्यांच्याच हातात दिली. स्वेटर निघाला, त्याखालून घंटा निघाली. अध्यक्षबाईंनी ती जोरात हलवली. आवाज आला नाही. त्यांनी आत बोटं घालून माझा मोजा बाहेर ओढला आणि दोन बोटांत लांब धरून माझ्याकडे दिला. मग वाजवली. घणघण आवाज झाला आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. खजिनदार टायरवाल्यांजवळ गेले. "माझा काटा चुकला," म्हणाले. टायरवाल्यांनी त्यांना मिठी मारली. खजिनदार त्या मिठीत दिसेनासे झाले.

निवाडा असा झाला की घंटा पाहुण्यांच्या बॅगेत सापडली खरी, पण पाहुण्यांपैकी कोणी ती नेली नाही. यजमानाने स्वतःच्या हाताने ठेवली. सबब चोरी झाली नाही. यजमान जिंकले. भाषण नाही.

माझा जीव भांड्यात पडला. (भांडं त्या वेळी टेबलावरच आहे, असं मी समजत होतो.)

जेवणं झाली. लोक माझी पाठ थोपटत होते. मी बायकोला म्हणालो, "बघितलंस? बोललो की नाही?"

"बोललात," ती म्हणाली. "चांगलं बोललात. माझं भांडं कुठंय?"

मी टेबलाकडे गेलो. निळं कापड होतं, व्यवस्थित घडी केलेलं. भांडं नव्हतं. खाली पाहिलं. खुर्च्यांखाली पाहिलं. बाहेर बसचं इंजिन सुरू झालं.

आम्ही दोघं दारात आलो तेव्हा बस हळूहळू वळत होती. खिडकीत दातवाले होते. त्यांनी हात बाहेर काढला. हातात काहीतरी पांढरं होतं, निळ्या काठाचं. त्यांनी खिडकीतच, बसल्या बसल्या, जमेल तेवढं कमरेत वाकून दाखवलं.

"कधी उचललंत?" बायको ओरडली.

"मीटरसाहेब भाषणात पाव आणायला गेले तेव्हा," दातवाले म्हणाले. "सगळे त्यांच्याकडेच बघत होते."

पुढच्या खिडकीतून टायरवाल्यांनी डोकं काढलं. "अध्यक्षबाई, मूळ नियम काय आहे? घंटा असा शब्द आहे का त्यात?"

अध्यक्षबाईंनी थोडा विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. खोटं बोलायचं नव्हतं. "कापडाखाली जे असेल ते, असं आहे."

रविवार, २९ नोव्हेंबर. ढगाळ, दुपारी थोडी भुरभुर.

सगळा क्लब बसने नदीपलीकडे गेला. मी मैत्रीवर बोललो. कुलपापासून सुरुवात केली. दातवाल्यांनी स्वतःच्या हाताने कापडात बांधून भांडं परत दिलं. घंटेची जबाबदारी एकमताने माझ्या बायकोकडे देण्यात आली. येताना संपूर्ण रस्ता भांडं माझ्या मांडीवर, दोन्ही हातांत होतं. घरी आल्यावर बायकोने कापड सोडून ते टेबलावर ठेवलं. झाकण नव्हतं.